अर्धा रोट

तानुबाई : पुन्हा वाच. 'वाटून खाल्ला' असंच लिहिलंय माझ्या पोरानं?

प्रमिला : तिसऱ्यांदा वाचते, आत्याबाई, अक्षरं काही बदलायची नाहीत. 'कानबाईचा रोट पोचला. मी आणि इथल्या मठातल्या म्हाताऱ्या साधूनं वाटून खाल्ला.'

तानुबाई : माय वं! भाऊबंदांबाहेर देवीच्या रोटाचा तुकडा जात नाही, हे दुधाचे दात पडायच्या आधी शिकवलं होतं. त्याच्या नावाचे सव्वा मूठ गहू मी माझ्या हातानं मोजले, दळले, रोट भाजला. त्याच्याकडं निघालेल्या त्या जीवरामच्या पाया पडायची तेवढी राहिले, की बाबा, विमानानं जातोस तर एवढा डबा ने. आणि तुझ्या नवऱ्यानं परक्याला घातला!

प्रमिला : पुढचं तरी ऐका.

तानुबाई : वाच. वीजकेंद्रानं शिकायला धाडलं झेकोस्लोवाकियाला, शिकला हे!

प्रमिला : 'गाव लहान, आपल्या धरणगावच्या बाजारपेठेएवढं. मठ मात्र आठशे वर्षांचा. दोन उंच मनोरे, शंभर माणसं जेवतील एवढं दालन. जुन्या सरकारनं साधू हाकलून तिथं पलटण ठेवली होती. हा म्हातारा चाळीस वर्षं वीटभट्टीवर राबला. सरकार पडलं, तसा परत आला. बरोबरचं कोणी उरलं नाही. रिकाम्या खोल्या आम्हा शिकाऊंना राहायला दिल्यात. सुटीत बाकीचे शहरात गेले, जेवायला आम्ही दोघंच. त्यानं आपला पाव मोडून अर्धा माझ्यापुढं ठेवला. मी काय रोट हातानं झाकून बसू?'

तानुबाई : बसायचं झाकून! मी नाही बसले? गेल्या श्रावणात आपल्या भाऊबंदांतल्या झुलालभाऊंच्या जावयाला रोटाच्या पंगतीतून उठवलं मी. जावयाला! हातातला घास खाली ठेवायला लावला. त्यांची पोर रडत सासरी गेली, ती आखाजीच्या सणालासुद्धा माहेरी आली नाही. बठ्ठी भाऊबंदकी, सगळीच्या सगळी, बघत होती. आता त्यांना कोणतं तोंड दाखवू?

प्रमिला : त्यांना कोण सांगतंय? पत्र चुलीत घालते.

तानुबाई : घाल. ... थांब. तो म्हातारा एकटाच असतो का गं?

प्रमिला : एकटाच. छपराची कौलंसुद्धा स्वतःच चढून बसवतो म्हणे. सत्तरीचा आहे.

तानुबाई : पडून मरेल मेला. आणि माझं पोरगं खाली उभं राहून बघत असेल.

प्रमिला : नाही, ह्यांनी लिहिलंय, कौलं हेच वर देतात.

तानुबाई : घरची कौलं कधी दिली नाहीत!

(झुलालभाऊ ओसरीवर येतात.)

झुलाल : वहिनी, अभिमनचं पत्र आलं म्हणतात. रोट पोचला का?

प्रमिला : पोचला, नाना. बसा, चहा ठेवते.

झुलाल : खाल्ला ना त्यानं नीट?

तानुबाई : अर्धा खाल्ला. अर्धा एका परक्या माणसाला दिला.

प्रमिला : आत्याबाई!

झुलाल : ... मी काही ऐकलं नाही, वहिनी.

तानुबाई : मग असे जवळ बसा, भाऊ. पुन्हा सांगते.