पूजेतला सिलिंडर

फायरचा कोर्स अर्धवट काहून सोडला, असं मला अजूनही विचारता ना, तर ऐका. अकोल्याला आमच्या कॉलेजात खंडेनवमीला आग विझवायचे सिलिंडर मांडले, हार-कुंकू वाहून पूजा केली. आरती संपता संपता निरांजनानं पडदा पेटला. मी सिलिंडर उचलला, तर प्राचार्यांनी माझा हात धरला.

"ठेव खाली. पूजेतलं हत्यार आज हलवत नाईत."

"मंग पडद्याले सांगू काय सर, उद्या पेट म्हणून?"

हात झटकून मी आग विझवली. पांढरी पावडर देवीच्या फोटोवर बसली, सरांच्या नव्या शर्टावरही बसली. लगेच फर्मान निघालं, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. आग विझवली म्हणून माफी, तीही फायर कॉलेजात.

बाबा तरी माझी बाजू घेतील म्हणून घरी अकोटला गेलो. ते म्हणाले, "मागून टाक माफी. सणाच्या दिवशी त्याले हात लावाचं काई काम होतं काय तुले?"

"अन् आग, बाबा?"

"फायर ब्रिगेडले फोन कराचा."