लेसरच्या खोलीतली जुनी ट्यूब

— नाही, बसू नकोस, उभ्यानेच सांग. म्हणजे तू लेसर बंद केलास, तरी ग्राफवरचं आमचं शिखर तसंच उभं राहिलं. बरं. मग तू छतावरची ट्यूब बंद केलीस आणि शिखर गेलं. वा! तिसऱ्या वर्षाच्या मुलीने एक बटण दाबलं आणि दातार सरांचं अख्खं संशोधन गेलं. आणि हे लॅबच्या ग्रुपवर टाकायच्या आधी माझ्याकडे यावं असं तुला वाटलं नाही? कोणी सांगितलं होतं लेसर बंद करून रीडिंग घ्यायला? — मी? कधी? — हां, दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला. आधी खोलीचा उजेड मोजा, मग नमुन्याचा. शिकवतो मी ते, दर वर्षी शिकवतो, फळ्यावर दोनदा अधोरेखित करून शिकवतो. अगं, ते परीक्षेसाठी असतं, सृष्टी! पहिल्या बाकावर बसून शब्द न् शब्द उतरवून घेणाऱ्या मुलींची हीच पंचाईत — त्यांना वाटतं, सर खरंच बोलतायत.

ट्यूबमध्ये पारा असतो, पाऱ्याच्या उजेडाची हिरवी रेघ ग्राफवर बरोबर तिथेच येते, म्हणजे शिखर नमुन्याचं नाहीच — हे तू मला सांगतेस? मला? विश्रांतवाडीहून बसला लोंबकळत येणार, घरातली पहिली पदवीधर म्हणून वडील आत्तापासूनच गल्लीभर सांगत सुटले असणार, आणि मॅडम इथे येऊन मला पारा शिकवणार. या शिखरावर माझ्या हाताखाली आनंदने पीएचडी केली, जर्मनीत स्थिरावला तो, परवाच मुलगी झाली त्याला. आता काय, त्याला फोन करू? बाबा रे, परत ये, तुझा प्रबंध छताला लटकतोय? पुढच्या महिन्यात माझ्या साठीनिमित्त परिषद आहे, लोक त्याला दातार शिखर म्हणायचं ठरवतायत — आणि तू हसतेस? नाही? मग तोंड असं का केलंस? ट्यूब बंद असली तरी दारातून येतो तेवढ्या उजेडात दिसतं मला.

काय? सगळ्या इमारतीत एलईडी लागले, मग इथेच जुनी ट्यूब कशी? माझ्या डोळ्यांना सवय आहे, म्हणून. गेली की मी स्वतः तपकीर गल्लीतून आणतो, आता सहजी मिळतही नाही, दुकानदार म्हणतो, सर, एलईडी घ्या की — पण एलईडीत पारा नसतो ना. म्हणजे — उजेड वेगळा असतो. डोळे दुखतात. बघतेस काय अशी? नंदाही अशीच बघत राहिली होती.

कोण नंदा? कोणी नाही. होती एक. तुझ्यापेक्षा हुशार. हडपसरला क्लासमध्ये बारावीच्या पोरांना न्यूटनचे नियम पाठ करून घेते आता, रस्त्यात दिसले की मान फिरवते. मी तिचं काही वाईट केलेलं नाही हं. जिथून जिथून विचारणा आली, तिथे एवढंच कळवलं — मुलगी चांगली आहे, फक्त प्रयोगात जरा हलगर्जी आहे. पुरतं तेवढं. शिव्या द्याव्या लागत नाहीत, सृष्टी.

तुला एमएस्सीला बाहेर जायचंय, शिफारस माझीच लागणार — लेसरवाला दुसरा आहे कोण इथे? तेव्हा उद्या सकाळी ग्रुपवर लिहायचं: नमुना नीट बसवला नव्हता, चूक माझी, सरांची क्षमा मागते. आणि नंतर सगळ्यांसमोर पुन्हा रीडिंग घ्यायचं. शिखर येईल. मी सांगतो ना, येईल.

रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, इथे लेसरचे आरसे उघडे आहेत, थेंब उडाला तर डाग जात नाही. चल, नीघ. — थांब. या अंधारात काय बसवून ठेवतेस मला? जाताना ट्यूब लाव. — नाही, मी नाही उठणार. तूच लाव.