दक्षिणेकडचा गोल

—रविवार, सकाळचे साडेसात, कॉलेजचं मैदान, उत्तरेकडचा गोल. एवढं आधी लिहून घ्या, मंग बाकीचं विचारा. नाही नाही, तुमचा प्रश्न कळला मला — आपल्या कॉलेजची फुटबॉल टीम एवढी नावाजली ती कशामुळे. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढून राह्यले तुमी, प्राचार्यांनी तुमाला नागपूरहून बोलावलं आणि सांगितलं की आदिलाबादच्या चौकात चंपतरावांचं दोर-ताडपत्रीचं दुकान आहे, जुने गोलकीपर आहेत, बोलायची हौस आहे, दोन पानं सहज निघतील. असंच म्हणाले न? म्हणाले असतील. बसा. त्या पोत्यावर नाही — त्या पोत्याला हात नका लावू — इकडे, या स्टुलावर. चहा सांगू? कापसाचे दिवस आहेत, ताडपत्रीला गिऱ्हाईक येत-जात राहील, तुमी त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मी बोलता बोलता दोर गुंडाळतो, हाताला सवय आहे. हे वेटोळं पाहा — शेवटचं टोक मधून काढून असं वरून दाबायचं, कितीही फेका, सुटत नाही. माझ्या बापानं मला शिकवलं, मी माझ्या मीनलला शिकवलं, अख्ख्या गावात असं दुसरं कोणी घालत नाही. हं. तर टीम.

कशामुळे मोठी? कपांमुळे म्हणता? कप कोणाकडे नसतात! मंचेरियलवाल्यांकडे आमच्याहून जास्त असतील — खाणीतले गडी, एकेकाची छाती दरवाजाएवढी, धडक बसली की दोन दिवस बरगडी बोलायची. कोच? कोच कोणाला होता? पी.टी.चे सर होते, ते कबड्डीवाले, ऑफसाइड म्हणजे काय हे आमीच त्यांना खडूनं फळ्यावर काढून दाखवलं, तरी शेवटपर्यंत म्हणायचे, पुढं उभं राहिला तर बिघडलं काय? बूट? पाळीपाळीनं घालायचो — पहिल्या हाफला पुढचे, दुसऱ्या हाफला मागचे, आणि मी कीपर, म्हणून बारा महिने अनवाणी. मंग पोरं म्हणता? हो, पोरं होती. उटनूरकडची, दिवसभर पळाली तरी घाम न येणारी. वांकिडीकडची आमची मराठी पोरं, जिद्दीची, भांडकुदळ. तेलुगू, उर्दू, गोंडी, मराठी — मैदानात चार भाषांत शिव्या चालायच्या, समोरच्या टीमला कळायचंच नाही की पास मागून राह्यले का आई-बाप काढून राह्यले. हसा, हसा. हे छापा. हे प्राचार्यांना आवडेल.

पण खरं विचाराल तर गोलाचे खांब. हसू नका आता. खांब. आमच्या वेळी सागवानाचे होते, उटनूरच्या बाजूनं बैलगाडीत आणलेले, कमरेइतके खोल खड्डे आमीच खोदले, आत दगड, चुना, वरून पुन्हा दगड. निजामाबादची टीम आली, त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं चेंडू हाणला, खांबाला लागला अन् असा परत गेला की त्यांच्याच हाफमध्ये पडला. एकदा मॅचच्या आधी माझे पाय लटपटून राह्यले होते — खोटं काऊन बोलू — समोर हजार माणूस, आणि मी उडी मारून आडवा दांडा धरला अन् लटकलो. नुसता लटकलो. तो हलला नाही. मी म्हटलं, तू हलत नाहीस, मंग मीही हलत नाही. जिंकलो ती मॅच. झालं, तेव्हापासून दर कीपरनं तेच करायचं — मॅचच्या आधी लटकायचं, दांड्याला कपाळ लावायचं, आणि सगळं मैदान ओरडायचं. माझा तसा लटकलेला फोटो प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे, पाहिला असेल. या महोत्सवाच्या पत्रिकेवरही तोच छापला, खाली लिहिलं, "आमची परंपरा". छापला न? मंग हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

मोठी टीम म्हणजे काय सांगू? पाठ. कीपरची पाठ. समोरून गडी धावून येत असतात, त्यानं मागं वळून पाहायचं नसतं. मागं जे आहे ते जागेवर आहे, एवढा भरवसा पाहिजे, बाकी त्याचं तो पाहून घेतो. असा भरवसा ज्या कॉलेजनं पोराला पन्नास वर्षं दिला ते कॉलेज मोठं. ज्या दिवशी काढून घेतला — लिहा न, पेन काऊन थांबलं?

महोत्सवाच्या उद्घाटनाला पाहुणे हेलिकॉप्टरनं आले. तुमी नव्हते तेव्हा. शहराबाहेर जागा नव्हती का? होती. पण मैदानातच उतरवायचं होतं, पोरांनी टाळ्या वाजवायच्या होत्या. मंग गोल मधात येतात म्हणून दोन्हीकडचे खांब काढले. काढले म्हणजे उपसले नाही — सागवानाचे जाऊन लोखंडी आले होते, सिमेंटात बसवलेले — गॅस कटरनं जमिनीलगत कापले. मी दुकानातून ठिणग्या पाहिल्या. पाहुणे उतरले, हार, भाषण, पाहुणे उडाले. तिसऱ्या दिवशी गोल पुन्हा उभे! मी म्हटलं, वा, कॉलेजनं काम फटकन केलं. खाली खड्डा किती खोल ते कुठं पाहिलं मी तेव्हा?

आणि शनिवारी करण आला दुकानात. करण — आमचा आताचा कीपर, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा, वांकिडीचा, घरी भाजीपाला, आई लक्ष्मीबाई बाजारात वांगी-मिरची घेऊन बसते. उंच, लाजरा, पण बोटं अशी की चेंडू चिकटतो. नवीन जाळं न्यायला आला होता. इथं उभा होता, तुमच्याच जागेवर. म्हणतो, "काका, दांडा खाली आला का मी वाढलो?" मी म्हटलं, अरे, तुझी आई तुला वांगीच चारते न, वाढलाच असशील. हसला. मीही हसलो. एक हात खाली आला होता दांडा, साहेब. तेवढाच पाइप त्यांनी मातीत खुपसला होता. पोराच्या बोटांनी सांगितलं मला, आणि मी — जाऊ द्या.

रविवारी सकाळी साडेसातला करण डब्यावर उभा राहून जाळं बांधून राह्यला होता. जाळं बांधून. लटकला नव्हता. दुसरं टोक सपनाच्या हातात होतं — पोरींच्या टीमची कॅप्टन, हॉस्टेलला राहते. तिनं पाहिलं. तिनं जाळं जरा ओढलं, ताणायला, जसं ओढतात, आणि अख्खा गोल पुढं आला. करण डब्यावरून पडला, दांडा कमरेवर. आवाज इथपर्यंत आला. मी धावलो, मी, या गुडघ्यांनी. पाच जणांनी उचलला दांडा. खड्डे मी तेव्हा पाहिले — एक हात खोल, त्यात हेलिपॅडची उरलेली गिट्टी टाकलेली, सिमेंटचा कणही नाही. गोल बसवणारा गडी तिथंच उभा होता, म्हणतो, "एम कादु अन्ना", काही होत नाही अन्ना. पोरगा जमिनीवर, पाय हलवता येत नव्हते त्याला, आणि हा म्हणतो काही होत नाही!

आता तो नागपूरला आहे. डॉक्टर म्हणतात, पाहू. नऊ दिवस झाले, पाहूच म्हणून राह्यले. आणि कॉलेज काय म्हणते माहीत आहे? म्हणते, खेळाडू शिस्त मोडून दांड्याला लोंबकळला, त्याच्या वजनानं गोल पडला. चौकशी झाली म्हणे. सपनाला विचारलं? नाही. मला विचारलं? नाही. लक्ष्मीबाईला मात्र सांगून आले दवाखान्यात, मावशी, तुमच्याच पोराची चूक आहे, कॉलेजच्या नावाला धक्का नको. ती बाई माझ्यासमोर बसून म्हणते, "भाऊ, माझा करण असा खट्याळ कधी होता हो?" काय सांगू तिला? पत्रिकेवर परंपरा आणि दवाखान्यात बेशिस्त — एकच दांडा, एकच लटकणं, आणि यानं तर तेही केलं नव्हतं! पोरगा चालेल का नाही ते देवाच्या हाती, पण तो मूर्ख नव्हता एवढं तरी कोणी लिहील का? तुमी लिहा. मोठी टीम, मोठी टीम — ही घ्या तुमची मोठी टीम. ते पोतं आहे न, हात लावू नका म्हटलं ते, त्यात ते जाळं आहे. मी आणलं मैदानातून. उघडून पाहा, अर्ध्या दांड्यापर्यंतचे दोर बांधलेले होते, तसेच कापून काढावे लागले, गाठी अजून आहेत. पुढचे अर्धे कोरे. लोंबकळणारा माणूस एका हातानं गाठी मारतो का, तुमीच सांगा—

ये, ये, मीनल. लवकर आलीस? हे — स्मरणिकेवाले. ही माझी मुलगी, कॉलेजातच शिकवते, कॉमर्सला. हो, मी तेच सांगून राह्यलो होतो त्यांना — परंपरा, शिस्त, माजी विद्यार्थ्यांचा जिव्हाळा. लिहिलं न तुमी? शिस्त. हो. आणि गावाचं प्रेम. नाही ग, दुसरं काही नाही, कसलं पोतं, रद्दी जाळी आहेत, भंगारात द्यायची. तू आत जा, चहा ठेव. दोन कप. जा न.

...गेली. आवाज हळू ठेवा. काय म्हणता? हो, कॉन्ट्रॅक्टवर आहे. जूनमध्ये पुन्हा सही होते. नवरा पुण्याला, तो आता तिकडचाच, पोरगी आणि ती माझ्याकडे. प्राचार्य परवा भेटले, फार आदबीनं बोलतात, म्हणाले, "चंपतराव, मीनलताईंचं काम उत्तम आहे, पुढच्या वर्षीही ठेवायचा विचार आहे." एवढंच. आणखी एक अक्षर नाही. मी हात जोडले. मी! निजामाबादच्या पेनल्टीला हात जोडले नाहीत कधी.

हे सगळं लिहा. पण माझं नाव नका लिहू. "एक जुना खेळाडू" म्हणा. नाही, तेही नको, जुने कीपर किती आहेत गावात, मीच आहे. "कळते" म्हणा. "असे कळते". तुमी लोक लिहिता न तसं? पेन काऊन बंद केलं? स्मरणिकेत अशा गोष्टी छापत नाहीत — माहीत आहे मला, मी काय खेडवळ आहे का, पण तुमच्या ओळखीचं कोणी असेल, पेपरातलं, खरं पेपरातलं. पोतं घेऊन जा. घ्या न. जड नाही. गाडीत जागा नाही? मांडीवर ठेवा... बरं. राहू द्या. राहू द्या म्हटलं न.

जा मंग. चहाला थांबू नका, ती बाहेर येईल. एक ऐका फक्त. दक्षिणेकडचा गोल अजून उभा आहे, तोही त्याच दिवशी कापला, त्याच दिवशी खुपसला, खड्डा तेवढाच. प्राचार्यांना सांगितलं, म्हणाले, पाहतो. मी म्हटलं, तुमी पाहा, तोवर मी बांधतो. काल दिवेलागणीला इथला जाड दोर नेला आणि गोल मागच्या कडुनिंबाला आवळून बांधला — दोरासकट दिसला तर सगळ्यांना कळेल की गोल हलतो, म्हणून कॉलेजला तो दोर नको आहे, तेही कळतं मला. सपनाच्या पोरी उद्या सकाळी त्याच गोलावर उतरणार आहेत. आणि आज दुकान उघडायला आलो तर दोर पायरीवर होता. फेकलेला नाही, नीट ठेवलेला. वेटोळं घातलेलं होतं त्याचं, साहेब. शेवटचं टोक मधून काढून वरून दाबलेलं.