गुरुवारपर्यंत

नगरपालिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे शिंपी आणि त्यांच्या शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्या बाई उभ्या होत्या.

“काका, दुकान बंद करायचा अर्ज आणलात ना?”

“आणलाय. जुन्या पेठेत आता कुत्रंसुद्धा फिरकत नाही.”

“मग काल शटर कशाला रंगवलंत?”

“पेठ सुधारायची म्हणून पालिकेनं रंग फुकट वाटला. वाया घालवू?”

“आणि दारावरचा नवा दिवा?”

“तुमच्याच पायरीवर उजेड पडतो, कुरकुर करू नका.”

“सकाळी दोन गिऱ्हाइकं आली म्हणे.”

“एकच. दुसरी पत्ता विचारायला आली होती. जाता जाता कोट शिवायला टाकून गेली, त्याला मी काय करू?”

“कधी देणार?”

“गुरुवारी.”

खिडकीतून कारकुनानं हात पुढे केला. “काका, अर्ज द्या.”

“देतो हो. गुरुवार तरी होऊ द्या!”