जुना कागद आणलाय का?

हॅलो?… हॅलो… कोण?… अगं ताई, तू होय. किती लांबून येतोय आवाज तुझा. थांब, खिडकीपाशी सरकते… हां, आता बोल.

नाही, दुकानात नाही गेले आज. रजा घेतली. मालक म्हणाले घ्या, पंधरा दिवसांत तुमचा चेहरा काही ठिकाणावर आलेला नाही. आणि चष्मे एक दिवस थांबले तर कुणी आंधळं होत नाही म्हणाले… फटकळच आहेत ते. पण मनानं वाईट नाहीत.

आईच्या खोलीत आहे. पलंगावर बसलेय… हो, तुझंच काम करतेय. सगळे कागद काढून बसलेय. तक्रारीत घालायला तारखा हव्यात ना तुला.

हो, हो… अगं ऐक ना. वाचला मी तुझा मसुदा. सकाळी वाचला, चहा गार झाला, मग परत वाचला… चांगला लिहिलायस. खरंच. तुझा हातच आहे तसा. मी शाळेतला रजेचा अर्जसुद्धा तुझ्याकडून लिहून घ्यायची, आठवतंय? 'पोटात दुखत असल्याकारणाने.' पोटात कधीच दुखलं नाही माझ्या.

सही?… नाही, अजून नाही केली. माहितीये गं आजच पाठवायचाय. मी इथे राहते म्हणून सही माझी लागते, तेही माहितीये. एवढी खुळी नाही मी.

अकरा दिवस. बरोबर लिहिलंयस. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस, पोटातली गाठ कसली आहे एवढं बघायला. पहिले तीन तर व्हरांड्यात. संडासाच्या दारापाशी खाट, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागायचा तिच्या पायाला… मी काय ते विसरले? तू फोनवर ऐकलंस, ताई. मी तिथे पदर नाकाला लावून बसले होते.

नाही, मी त्यांची बाजू घेत नाहीये.

नाही घेत म्हणतेय ना. ते माझे कोण लागतात? एका नर्सच्या वाटेला चाळीस पेशंट. काही विचारलं की वसकन अंगावर यायच्या. मोठा डॉक्टर सात मिनिटं यायचा, त्यातली चार फोनवर. सगळं खरं आहे… पण तुमच्या त्या परदेशात तरी काय वेगळं आहे? भाऊजींचा गुडघा आठ महिने रांगेत आहे ना?… तेच. फुकट आहे, सगळ्यांना आहे, गोडही बोलतात, कबूल. पण नंबर लागेपर्यंत माणसानं लंगडायचं… काय म्हणतायत भाऊजी?… म्हणावं, तुम्ही मागून बोलू नका, ऐकू येत नाही.

फौजदारीण?… हो, वॉर्डाची मोठी सिस्टर ती. आईनंच ठेवलेलं नाव. खरं नाव आहे माझ्याकडे. कागदावर सही आहे तिची.

देते ना. देते. पळून का चाललेय मी?

ताई, तिची निवृत्ती चार महिन्यांवर आलीये… मला कोण सांगणार, आईनंच सांगितलं होतं. हाताला सलाईन, आणि ही आपली आई सिस्टरला विचारतेय, निवृत्त झाल्यावर करणार काय तुम्ही? तर म्हणे झोपणार. चौतीस वर्षांची झोप बाकी आहे म्हणाली… नाही, कीव नाही येत मला तिची. बरं, येते थोडी. चौकशी लागली की सगळं अडकून राहतं गं त्यांचं.

चिडू नकोस ना. ऐक. आधी ते प्रायव्हेट आठव… तू नव्हतीस, बरोबर, तू कशी आठवणार. मी सांगते. काय थाट होता. दार आपोआप उघडलं, तर आई दचकली. मला म्हणते, कुणी उघडलं गं, त्याला थँक्यू म्हण… हो ना. हसूच आलं मला. आत गार हवा, सोफे, मोठ्या मोठ्या कुंड्या. जो तो मॅडम, मॅडम. आईच्या मनगटाला पट्टी बांधली. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग दुसऱ्यानं येऊन परत नाव, मग तिसऱ्यानं. सहा जणांनी विचारलं, ताई. आई मला हळूच म्हणाली, यांच्यात सगळेच विसराळू दिसतात.

आणि त्या फौजदारणीनं एकदाही नाव विचारलं नव्हतं. व्हरांड्यात आईला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, काय आजी, नऊ वर्षांनी आठवण झाली होय आमची?… अगं नऊ वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी नव्हती का ॲडमिट? तीच वेळ. मी तेव्हा बाळंतपणाला पडून होते, तू तिकडे. आई एकटीच राहिली होती सहा दिवस. त्या बाईनं तेव्हापासून ओळख ठेवली होती. मला तर तिचा तो आवाजच डोक्यात गेला, आजारी माणसाशी असं बोलतात का म्हणून.

आणि प्रायव्हेटचा परवा मेसेज आला मला. आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या… खोटं कशाला सांगू. आई जाऊन तेरा दिवस झाले होते आणि हे तारे मागतायत. कॉम्प्युटरला काय कळतंय, तो आपला पाठवतोय.

हो… आठवतंय. तू म्हणाली होतीस. 'काढ तिला तिथून, पैशांचं मी बघते.' … ताई, थांब. तुला बोल लावत नाहीये मी. अजिबात नाही. मलाही तेच हवं होतं. तुझं नुसतं निमित्त झालं… रडू नकोस ना गं. तू रडलीस की माझं सांगायचं राहून जाईल. सकाळपासून धीर गोळा करतेय.

पाणी पी… आधी पी. मी थांबते.

हं.

आईची ती पिशवी आठवते? बुटांच्या दुकानाची, नाडीनं बांधलेली… तीच. तीस वर्षांचे कागद आहेत त्यात. आपल्या दोघींची लसीची कार्डंसुद्धा. तुझ्या कार्डाचा कोपरा कुरतडलेला आहे, तूच खाल्ला असणार. दवाखान्यात निघाली की आधी पिशवी घ्यायची, मग चपला घालायची… हो, आपण दोघी हसायचो तिला.

ती आत्ता माझ्या पुढ्यात आहे. तुझ्या तारखांसाठी आज सकाळी उघडली मी. पहिल्यांदा.

सगळ्यात वर एक कागद आहे. लाल शाईतला. फौजदारणीचं अक्षर… वाचते. नीट ऐक. 'रंगाचे इंजेक्शन देऊ नये.' खाली दोन रेघा मारल्यात. 'नऊ वर्षांपूर्वी दिले असता श्वास बंद पडू लागला होता. ज्याला रंग लागत नाही त्या मशीनसाठी नंबर लावला आहे. मंगळवार.' खाली तिची सही.

रंगाचं म्हणजे… तपासणीआधी शिरेतून देतात ना, फोटोत सगळं नीट दिसावं म्हणून. ते.

हो, ताई. तेच. सोमवारी प्रायव्हेटमध्ये दिलं ते तेच. दिलं आणि पाच मिनिटांत तिचा श्वास… मग शुद्धीवर आलीच नाही. बुधवारी गेली. 'असं लाखात एखाद्याला होतं' म्हणाले ना डॉक्टर आपल्याला. लाखात एखादीला नव्हतं ते. तिला होतंच. लिहून ठेवलेलं होतं.

नाही, थांब, प्रायव्हेटला शिव्या घालू नकोस. त्यांनी विचारलं होतं… तेच तर सांगतेय मी. त्यांनी विचारलं होतं.

आधी पुढचं ऐक. कागदाच्या मागे अजून एक ओळ आहे. 'गुरुवारी रंग लागणाऱ्या साध्या मशीनचे बोलावणे आले. पाठवले नाही.' … कळलं का? रांग होती, मशीन बंद पडलं होतं, सगळं खरं. पण गुरुवारी नंबर आला होता आणि तिनं आईला मुद्दाम जाऊ दिलं नाही. मी त्याच दिवशी भांडले होते तिच्याशी. आलेला नंबर घालवलात म्हणून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. ती काहीतरी सांगत होती गं. तिच्या हातात हाच कागद होता. माझाच आवाज एवढा मोठा होता की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. शेवटी तिनं तो आईच्या पिशवीत घातला. आणि सोमवारी आपण तिला हलवलं… हो. एक दिवस आधी.

कुणी विचारलं म्हणजे… काउंटरवरच्या मुलीनं. चांगली होती पोरगी. 'आजींना कुठल्या औषधाचा त्रास होतो का?' आई म्हणाली, 'अगं, ते मागे एकदा…' आणि मांडीवर घेऊन पिशवीची नाडी सोडायला लागली. तिच्या गाठी तुला माहितीयेत, एक सुटता सुटत नाही. मागे माणसं ताटकळत उभी, कडक इस्त्रीतली. पिशवीला अकरा दिवसांच्या फिनेलचा वास. आणि ही आता नऊ वर्षांची कहाणी पहिल्यापासून लावणार… मला लाज वाटली, ताई.

आईची लाज वाटली मला.

पिशवी घेतली मी तिच्या हातातून. म्हटलं, आई, गप्प बस ना जरा, इथे असलं काही लागत नाही, इथे सगळं कॉम्प्युटरवर असतं. आणि त्या मुलीला म्हटलं, 'काही त्रास नाही, लिहा.' तिनं लिहिलं. खाली सही माझी… आई त्या मुलीकडे बघून हसली. माझ्या लेकीला सगळं कळतं, असं हसली.

पिशवी शेजारच्या काकूंबरोबर टॅक्सीतून घरी पाठवून दिली मी.

दिवसभर दुकानात बसून मी काय करते गं? गिऱ्हाईक आलं की पहिलं तोंडातून काय येतं माझ्या? जुना कागद आणलाय का. अठरा वर्षं हेच. जुना नंबर बघितल्याशिवाय परक्या माणसाच्या नाकावर चष्मा ठेवत नाही मी. मागच्या महिन्यात एका आजोबांना उन्हातून परत पाठवलं, घरी जाऊन कागद घेऊन या म्हटलं. आणि माझ्या आईला…

…

ताई? आहेस ना?

ओरड हवं तर. ओरडलीस तर बरं वाटेल मला.

नाही. तू म्हणालीस म्हणून नाही झालं. पिशवी तू नाही काढून घेतलीस… नाही, ताई. लहानपणी सगळं अर्धं अर्धं केलं आपण. हे नाही वाटून घ्यायचं.

मसुदा फाडू नकोस. बदल तो. व्हरांड्याचं लिही, मशीनचं लिही, चाळीस पेशंटांमागे एक नर्स ते लिही. त्याखाली दहा सह्या करते मी. फक्त तिचं नाव काढ. कुणाचं तरी घालायचंच असेल तर माझं घाल… बरं, नको. नको तर नको.

मी जाणार आहे तिच्याकडे. आत्ताच. दोनला पाळी संपते तिची… नाही, तिला काहीच माहीत नाही. आम्ही निघताना दारापर्यंत आली होती. एवढी भांडले मी, तरी आली. म्हणाली, गाठ कसली निघाली तेवढं कळवा आजींची… काय सांगणार? खरं ते सांगणार. कागद पुढे ठेवणार. बोलेल मला. बोलू दे, ऐकून घेईन. त्या दिवशी नव्हतं ऐकलं.

काय?… कुठला निरोप?… आता नको ना ते.

'ताईला म्हणावं, काळजी करू नकोस'… हो, मीच सांगितलं होतं तुला. शेवटचं तेच बोलली म्हणून… नाही गं. तसं नाही म्हणाली ती. मी बनवलं. तुला येता आलं नाही, तुझ्या जिवाला तेवढाच आधार म्हणून. चुकलं माझं.

खरं काय ते नको विचारूस.

…बरं.

तिला आत नेत होते. चाकाच्या खुर्चीतून. दारापाशी तिनं मांडीवर हात फिरवला, आणि मागे वळून मला म्हणाली, 'पिशवी कुठाय गं?'

मी म्हटलं, आहे आई. माझ्याजवळच आहे. तू जा.

मग गेली… हो, निर्धास्त गेली.

हं… हो, आत्ता आहे ना. आत्ता माझ्याजवळच आहे… ठेवते, ताई. पावणेदोन झाले. नाडी बांधते आणि निघते.