प्रिंटरचा जुना नंबर

दुरुस्तीवाली : काका, उगाच सोंग करू नका. या आठवड्यातली ही माझी चौथी खेप. मी प्रिंटरचा नेटवर्कचा नंबर ऑटोवर ठेवून जाते आणि सकाळी कुणीतरी हातानं जुना नंबर टाकलेला असतो.

हेडक्लार्क : उंदरांनी टाकला असेल.

दुरुस्तीवाली : पावणेनऊला? आत वेळेची नोंद असते. आणि ऑफिसचं कुलूप तुम्हीच उघडता.

हेडक्लार्क : कळलंय ना, मग विचारता कशाला?

दुरुस्तीवाली : अहो, राउटर बदललाय. इथल्या प्रत्येक यंत्राला नंबर वाटणारी ती पेटी, तीच नवी आलीय. जुना नंबर तिला चालत नाही. तो टाकला की प्रिंटर कुणालाच सापडत नाही.

हेडक्लार्क : ठाऊक आहे.

दुरुस्तीवाली : ठाऊक असून टाकता? तिकडे साहेब माझ्या नावानं शंख करतात. आणखी एकदा झालं तर इथलं काम गेलं माझं.

हेडक्लार्क : सांगा त्यांना, म्हातारा कामातून गेलाय. अर्धं ऑफिस तेच म्हणतं.

दुरुस्तीवाली : चहाड्या करायला नाही आले मी. काय आहे एवढं त्या नंबरात?

हेडक्लार्क : माझ्या बायकोनं दिलेला आहे तो. त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. इथली सगळी यंत्रं तिनंच जोडली.

दुरुस्तीवाली : त्या बाई तुमच्या...? मला कुणी बोललं नाही.

हेडक्लार्क : कोण बोलणार? ती दवाखान्यात होती आणि मी इथं. वार्षिक अहवाल छापायचा होता. नेमका प्रिंटर रुसला, नंबर पुसला गेला त्याचा. मी तिला फोन लावला.

दुरुस्तीवाली : आजारी माणसाला?

हेडक्लार्क : धाप लागली होती तिला. एकेक आकडा सांगायची आणि थांबायची. मी म्हटलं, "जरा भराभर सांग ना, साहेब डोक्यावर उभेत."

दुरुस्तीवाली : काका...

हेडक्लार्क : "टाकलात का नीट?" म्हणाली. मी "हो हो" म्हणून फोन ठेवून दिला. अहवाल छापून तिकडे पोचलो, तोवर तोंडावर चादर ओढलेली.

दुरुस्तीवाली : आणि तो अहवाल?

हेडक्लार्क : कपाटात आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही कुणी. बघायचाय?

(दुरुस्तीवाली प्रिंटरसमोर बसते.)

दुरुस्तीवाली : तो नंबर बसवता आला असता तर मीच बसवला असता, काका. शप्पथ. पण बसत नाही.

हेडक्लार्क : करा तुमचं ऑटो. उद्यापासून मी हात लावणार नाही.

दुरुस्तीवाली : झालं. आता नंबर आपोआप मिळतो, कुणाला विचारायला नको. तेव्हाही असं असतं, तर तुम्हाला तो फोन करावा लागला नसता.

हेडक्लार्क : खरंय. मग त्या दिवशी मी तिला फोनच केला नसता. तेवढाही तिचा आवाज ऐकला नसता.