दुसरा अ‍ॅम्प्लिफायर

तो महागडा अ‍ॅम्प्लिफायर मी गाण्यांसाठी घेतला असं वाटतं ना तुम्हाला? छे! नवे स्पीकर जोडायला दुकानदार आमच्या ब्रह्माघाटावरच्या घरी दोन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. ऐकून बघायला मी बाबांच्या वेदपठणाची जुनी कॅसेट लावली. पहिल्यावर नुसते बाबाच. दुसऱ्यावर मात्र मागून बारीक आवाज आला, "अहो, चहा गार होतोय."

आई! तिला जाऊन वीस वर्षं झाली. घरच्या टेपवर ती कधी ऐकूच आली नव्हती.

दुकानदार ओशाळला. "बाबूजी, इसमें पीछे का शोर भी आ रहा है. पहलेवाला ही लीजिए."

"हाथ मत लगाना," मी म्हटलं.

पठण मध्येच तोडायचं नसतं, म्हणून बाबांनी तेव्हा तिला उत्तर दिलं नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "आलो गं."